रोज एक कथा, तीही मोठ्याने



एप्रिल संपता संपता जयंतीच्या स्मरणिका घराघरांत पोहोचलेल्या असतात. त्या चाळताना कुणा मुलाला, कुणा मुलीला वाटते की आपणही लिहावे. मग मे महिन्यात लग्नाच्या मांडवात नाहीतर विहाराच्या पायरीवर आम्हाला गाठून विचारले जाते, लेखक व्हायचे तर काय करावे? हा प्रश्न आमच्याकडे यावा असे आमचे काही मोठेपण नाही. आम्ही कारकून माणूस. पण वस्तीत जो अर्ज लिहून देतो तो लेखक, अशी समजूत अजून टिकून आहे.

या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर आपल्या व्यासपीठावरून मिळते. आपल्याकडे अनुभवाची खाण आहे, वाचत बसायचे काम ज्यांच्याकडे अनुभव नाही त्यांचे, तुम्ही फक्त लिहा! टाळ्या पडतात. आम्हाला हे उत्तर मुळीच पटत नाही. जखम झालेला प्रत्येक माणूस डॉक्टर होत नाही. आणि असे सांगणारे वक्ते ज्यांची नावे घेतात त्यांनी तरी तसे केले होते का, हे एकदा पाहायला हवे.

अण्णा भाऊ साठे यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. वाटेगावच्या शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले, ही गोष्ट पोरासोरांना पाठ आहे. त्यापुढची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला आलेल्या या मुलाने दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत अक्षरे जुळवली. पुढे मिळेल ते वाचले, गॉर्की वाचला. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले त्याचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले, १९६१ साली 'फकिरा'ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. दीड दिवसाच्या शाळेनंतर हे झाले ते मधल्या वाचनाच्या जोरावर. बाबुराव बागुल यांचेही तेच. माटुंगा लेबर कॅम्पात वाढलेला, नोकरीसाठी रेल्वेत सुरतेपर्यंत गेलेला हा माणूस. १९६३ साली त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला आणि मराठी कथेला हादरा बसला. जात लपवून खोली घेण्याचा अनुभव त्या काळी हजारोंना आला असेल. कथा बागुलांच्या हातून झाली. बाकीच्यांजवळ अनुभव कमी होता असे कोण म्हणेल?

असो. आता गेल्या उन्हाळ्याची हकिगत सांगतो, कारण या विषयावर कोरडे बोलण्यात अर्थ नाही.

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या टेकडीवरची एक मुलगी. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. तिने एक कथा लिहून आणली. कंपनी बंद पडल्यावर घरी बसलेला बाप, जीन्सचे धागे कापून घर चालवणारी आई, आणि शिकणारी मुलगी. बारा पाने. त्यातली बहुतेक पाने नायिकेच्या भाषणाने भरलेली होती. भाषण चुकीचे नव्हते, पण ते आम्ही दरवर्षी चौदा एप्रिलला ऐकतो. सातव्या पानावर मात्र एक ओळ होती. आई धागाकटिंगचे पैसे मोजताना ओठ हलवते पण आवाज काढत नाही, कारण पत्र्याच्या भिंतीपलीकडे शेजारीण आहे. ही ओळ आम्ही दोनदा वाचली. तेवढी त्या मुलीची स्वतःची होती, तिला दिसलेली.

आम्ही तिला म्हटले, "बाळ, कथा आमच्याकडे राहू दे. निकाल लागेपर्यंत तू काही लिहू नकोस. रोज एक कथा वाच. आम्हीही तुझ्याबरोबर वाचतो." आम्हालाही कथा लिहायची हौस आहे, हे या निमित्ताने सांगून टाकतो. हौस जुनी आहे, पण रोजचे टिपण लिहून लिहून हात असा बसला आहे की पात्राच्या तोंडीसुद्धा 'उपरोक्त विषयास अनुसरून' येते की काय याची धास्ती वाटते. तेव्हा आम्हालाही शिकवणीची गरज होतीच.

पुस्तकांची अडचण फारशी आली नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारे प्रत्येक घर दादरहून एकतरी पुस्तक आणते. ती टेकडीवरच्या घराघरांतून मागून घेतली तेव्हा अर्धी पिशवी भरली. काही वाचनालयातून आली. बदलापूरला 'ग्रंथसखा' आहे, जुन्या मराठी पुस्तकांचा एवढा साठा जवळपास दुसरीकडे मिळणे कठीण. तिथून काही नावे उतरवून आणली. आमचे स्वतःचे वाचन लोकलमध्ये. अंबरनाथ ते सीएसएमटी हे ६० किलोमीटरचे अंतर फास्ट गाडीनेही सव्वा तासाच्या वर जाते. कादंबरी उभ्याने वाचता येत नाही, कुणाचा धक्का लागला की धागा तुटतो. पण अंबरनाथला सुरू केलेली कथा ठाण्याच्या आत संपते, आणि पुढे दादरपर्यंत ती डोक्यात घोळत राहते. घोळण्याचा हा वेळ वाचण्याइतकाच कामाचा आहे असे आमचे मत झाले आहे.

खरी अडचण आली ती घरातून. मुलीची आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, तुमचं खरं हाय. पण सुट्टीत ती माझ्या जोडीला बसली तर दिवसाला दीडपट माल निघतो. हिनं पुस्तक धरलं की माझा हात एकटा पडतो." यात कसली अंधश्रद्धा नव्हती, शिक्षणाला विरोध नव्हता. साधा हिशोब होता. उल्हासनगरात जीन्स शिवून झाली की तिच्यावरचे उरलेले धागे कापायचे काम घरोघरी दिले जाते. नगामागे पैसे मिळतात. उन्हाळ्यात मुलींना सुट्टी असते म्हणून माल जास्त घेतला जातो, त्यातून जूनमधल्या वह्या-गणवेश निघतात. आम्ही बी.कॉम. झालेलो असलो तरी या ताळेबंदावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर त्या माउलीनेच काढले. "मोठ्यानं वाचू दे की. एकीचा हात थांबंल, पण बाकीच्या चौघीपाचजणींचा चालंल. आन् वर्षावासात विहारात नाही का बसत आपण ऐकायला?" खरेच की. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आपण ऐकतो, तो एकाने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. मोठ्याने वाचणे आपल्याला नवे नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन ते चार, पत्र्याखाली पंखा लावून, पाच-सहा बायका, निळ्या पँटींचा ढीग, हातात कटर आणि मध्ये वाचणारी मुलगी, असा वर्ग सुरू झाला. शनिवारी-रविवारी आम्ही जायचो. तिने वाचलेल्या प्रत्येक कथेबद्दल वहीत लिहायचे, आणि बायका जे बोलतील तेही लिहायचे, एवढी एकच अट घातली होती.

त्या वहीतले काही इथे देतो.

पहिल्या आठवड्यात बंधू माधव यांची 'विषाची भाकरी' वाचली गेली. म्हातारा आजा आणि शिकणारा नातू पाटलाच्या खळ्यावर राबायला जातात, अपमान गिळतात, आणि मोबदला म्हणून बैलांनी तुडवलेले शिळे तुकडे घेऊन येतात. तीच भाकरी आजाचा जीव घेते. अर्जुन डांगळे यांनी १९९२ साली दलित साहित्याचा इंग्रजी संग्रह काढला त्याचे 'पॉयझन्ड ब्रेड' हे नाव या कथेवरून आले. मुलीची अपेक्षा होती की बायका रडतील. रडले कुणी नाही. एक आजी म्हणाल्या, "तुकडं वाळवून ठेवायचं असतंत, ओलं ठेवलं की बुरशी धरती. आमची सासू उन्हात घालायची." बाकीच्या हसल्या. मग त्यांच्यापैकी दोघींनी आपल्या घरी शिळे तुकडे कसे वाळवायचे, कसे पाण्यात शिजवायचे ते सांगितले. मुलीने वहीत लिहिले की ज्या गोष्टीने मला धक्का बसला ती त्यांना पाककृती वाटली. एवढ्या एका वाक्यासाठी आम्ही तिला शाबासकी दिली.

अण्णा भाऊंची 'स्मशानातलं सोनं' वाचली त्या दिवशी वीज गेली होती. खाण बंद पडल्यावर बेकार झालेला भीमा चितेच्या राखेत सोने शोधतो, मग पुरलेली मढी उकरतो, आणि अशाच एका मढ्याच्या दातांत त्याची बोटे अडकतात. बोटे जातात आणि मग कळते की खाण पुन्हा सुरू होणार आहे. ज्या बोटांनी दगड फोडायचा तीच नाहीत. बंद कंपनीतल्या माणसांची घरे होती ती, त्यामुळे बराच वेळ कटरचासुद्धा आवाज नव्हता. मुलीच्या वडिलांनी आतल्या खोलीतून विचारले, "खाण सुरू झाल्याचं शेवटाला का सांगितलं? आधी का नाही?" ते ऐकत होते हे तोवर कुणाला ठाऊकही नव्हते. या प्रश्नावर आम्ही रविवारचा सगळा वेळ घालवला. आधी सांगितले असते तर भीमा मूर्ख ठरला असता. शेवटी सांगितल्यामुळे दोष भीमावर येत नाही, खाण बंद करणाऱ्यावर जातो. आणि अण्णा भाऊंनी तसे एका शब्दानेही म्हटलेले नाही. कथेत कोणती गोष्ट कुठे ठेवायची यातच लेखकाचे मत असते, हे त्या दिवशी आम्हाला जेवढे कळले तेवढे कुठल्या शिबिरात कळले नव्हते.

वामन होवाळ यांच्या 'मजल्याचं घर' या कथेने तर भांडण लावले. मुंबईच्या गोदीत आयुष्य काढलेला बयाजी निवृत्तीचे पैसे घेऊन गावी जातो आणि मजल्याचे घर बांधायचे ठरवतो. आमच्या बरोबरीने घर बांधायचे नाही, असे पाटील बजावतो. बयाजी युक्तीने घराच्या आतच मजला काढतो. ते घर जाळले जाते, बयाजी मरतो, आणि त्याची मुले पुन्हा मजल्याच्या घराचा पाया खणायला लागतात. आता अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाचे फंडाचे पैसे कुठे घालायचे, हा आपल्याकडे घरोघरचा प्रश्न आहे. एक बाई तडकून म्हणाली, "कशाला गेला गावाला मरायला? बदलापूरला दोन खोल्या घ्यायच्या व्हत्या." दुसरी म्हणाली, "मग गावात आपलं कोण राहील? पाटलाला तेच पाहिजे ना." तासभर हे चालले. त्यातल्या एकीने दिराशी दहा वर्षांपासून याच कारणावरून अबोला धरला आहे, हेही बाहेर पडले. होवाळांनी निकाल दिलेला नाही, कुदळ पडली तिथे कथा थांबवली. त्यांनी निकाल दिला असता तर हे भांडण झाले नसते आणि कथा त्या दुपारीच विसरली गेली असती.

उर्मिला पवार यांची 'कवच' वाचायला मुलगी लाजत होती. कोकणातली एक बाई बाजारात आंबे विकते, गिऱ्हाइके आंब्याच्या नावावरून घाणेरड्या कोट्या करतात, आणि सोबत असलेला शाळकरी मुलगा शरमेने आणि भीतीने अर्धा होतो. आई मात्र त्यांना सडेतोड उत्तर देऊन मोकळी होते. मुलगी अडखळली तेव्हा आईच म्हणाली, "वाच गं, आम्ही काय बाजार बघितला नाही?" त्या दुपारी जी हकिगत एकेकीने सांगितली ती वहीत लिहायची नाही असे सर्वानुमते ठरले, म्हणून आम्हालाही ठाऊक नाही. आम्ही विचारलेही नाही. उर्मिलाताईंनी 'सहावं बोट' आणि 'चौथी भिंत' या संग्रहांत बायकांच्या अशाच गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. त्यांचे 'आयदान' हे आत्मकथन २००३ साली आले, पण कथा त्याच्या आधीच्या. मुलींनी आत्मकथनाआधी कथा वाचाव्यात असे आम्ही सुचवू.

प्रेमचंदांची 'कफन' हिंदीतून वाचली. टेकडीवर हिंदी सगळ्यांना येते. बाळंतपणात तडफडणारी सून बुधिया आत मरते, बाहेर सासरा आणि नवरा भाजलेले बटाटे खात बसतात, आणि मग तिच्या कफनासाठी गोळा केलेले पैसे दारूत उडवतात. कथा विलक्षण ताकदीची आहे यात शंका नाही. पण बापलेक चांभार दाखवून त्यांना इतके निर्लज्ज का रंगवले, म्हणून हिंदीतल्या दलित लेखकांनी तिच्यावर कडक आक्षेप घेतले आहेत. आम्ही हे आधी सांगितले नव्हते. वाचून झाल्यावर मुलीची आई एवढेच म्हणाली, "त्या पोरीला नाव दिलंय, तोंड नाही दिलं. नुसती वरडती." आम्ही टीकेची दोन-तीन पुस्तके वाचली आहेत. इतक्या थोडक्यात कुणी सांगितल्याचे आठवत नाही.

रशियन चेकॉव्हची 'वांका' ही १८८६ सालची कथा. नऊ वर्षांचा पोर मॉस्कोत जोडे शिवणाऱ्या मालकाकडे शिकाऊ म्हणून ठेवलेला, मार खाणारा. तो रात्री चोरून आजोबांना पत्र लिहितो की मला इथून घेऊन जा. पाकिटावर पत्ता म्हणून आजोबांचे नाव आणि 'गावी' एवढेच लिहून पेटीत टाकतो, आणि आशेने झोपी जातो. "त्याला पत्ता लिहायला कुणी शिकवलं नव्हतं का?" एकीने विचारले. मग तीच म्हणाली, "मला तरी कुठं येतो."

उल्हासनगरात बसून मंटोची 'टोबा टेकसिंग' न वाचणे म्हणजे घरच्या विहिरीचे पाणी न पिण्यासारखे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधहून आलेले निर्वासित उतरवले गेले आणि १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले. १९५५ साली वारलेल्या मंटोने ही कथा पागलखान्यातल्या एका शीख वेड्यावर लिहिली. फाळणीनंतर वेड्यांचीही वाटणी होते, पण याला आपले गाव नेमके कुठल्या देशात गेले तेच कळत नाही, आणि दोन्ही देशांच्या तारांमधल्या पट्टीवर तो कोसळतो. जीन्सचा माल देणाऱ्या सेठच्या वयोवृद्ध आई त्या दिवशी हिशोबाला आल्या होत्या, त्या उंबऱ्यावर बसून ऐकत राहिल्या. सात-आठ वर्षांच्या असताना कराचीहून बोटीने आलेल्या. इथले पत्ते अजूनही बराकीच्या नंबरावर चालतात हे आपल्याला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "हमारा तो गांव गया, नंबर मिला." मोहन कल्पना हे सिंधीतले नामवंत कथाकार याच उल्हासनगरात राहून लिहीत होते, १९८४ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथा आपल्या वाचनात येत नाहीत आणि आपल्या त्यांच्या वाचनात जात नाहीत. एक भिंत मध्ये, एक नळ दोघांत, आणि पंचाहत्तर वर्षे होऊन गेली.

आता मुलीच्या त्या भाषणाच्या पानांकडे येतो. तिला समजावण्यासाठी आम्ही शेवटी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' काढले. ही कथा नव्हे, आठवणी आहेत, पण कथा लिहिणाऱ्याने त्या पाच-सहा वेळा वाचाव्यात. १९०१ सालचा प्रसंग. लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला निघाली आहेत. नवे कपडे, नव्या टोप्या, आगगाडीचा प्रवास, मुलांना आनंद मावत नाही. मसूर स्टेशनवर उतरतात, वडिलांचा पत्ता नाही. स्टेशनमास्तर मायेने चौकशी करतो, आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलतो व तो आपल्या खोलीत निघून जातो. बैलगाडीवाला दुप्पट भाडे घेतो, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. डब्यात जेवण भरपूर आहे, पाणी मिळत नाही, रात्र उपाशी काढावी लागते. ज्या माणसाने या देशात सगळ्यांत जोरदार भाषणे केली त्याने इथे भाषण केलेले नाही. नव्या टोप्यांचे वर्णन केले आहे.  मुलीने मान खाली घालून ऐकले आणि विचारले, "काका, टोप्या आधी सांगितल्या म्हणून पाणी नाही मिळालं ते जास्त लागतं, असं ना?" तसेच.

दुसऱ्या वाचनाला हातात पेन्सिल हवी. पहिल्यांदा गोष्टीसाठी वाचा, दुसऱ्यांदा चोरी पकडायला आल्यासारखे. कथा कुठून सुरू केली, त्याच्या आधीचे किती गाळले? कोण बोलतो, कोण गप्प आहे? आम्ही ऑफिसात फाइल वाचताना हेच करतो, टिपणात काय लिहिले आहे त्यापेक्षा काय लिहायचे टाळले आहे ते आधी पाहतो. कारकुनीचा हा एवढाच उपयोग साहित्यात झाला, पण झाला. शंकरराव खरात यांच्या गावगाड्याच्या कथा आम्ही अशा दोनदा वाचल्या तेव्हा त्यांची वाक्ये किती लहान आहेत ते लक्षात आले. १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे हे अध्यक्ष, पण कथेत कुठे अध्यक्षीय सूर नाही. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'चे जुने अंक कुठे मिळाले तर तेही सोडू नका. त्यात पुढे नावाजलेल्यांच्या सुरुवातीच्या कच्च्या कथाही सापडतात, आणि शिकणाऱ्याला त्या पक्क्या कथांपेक्षा जास्त धीर देतात.

सहा आठवड्यांत एकतीस कथा झाल्या. लग्ने, पाण्याचा टँकर, एकदा आलेला ताप, यांत बाकीचे दिवस गेले. निकाल लागला, मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. जूनमध्ये तिने कथा पुन्हा लिहून आणली. चार पाने, आणि पहिलीच ओळ आईच्या हलणाऱ्या ओठांची. भाषण एकही नाही. त्याच बायकांत ती वाचली गेली. ऐकून झाल्यावर आई म्हणाली, "समदं बरोबर हाय, पण धाग्याचा भाव चुकलाय. मागच्या वर्षी कमी झाला त्यो." तो भाव दुरुस्त करून कथा आम्ही येत्या स्मरणिकेसाठी ठेवली आहे. तिला आता कॉमर्सला घातले आहे, जोडीला कंप्युटरचा क्लास. घरच्यांचे म्हणणे होते ते, आणि त्यात गैर काही नाही. अण्णा भाऊंनाही पोटापाण्याचे सुटले नव्हते.

आमच्या कथेचे काय, असे कुणी विचारील. ती चालू आहे. या तीन गावांत लिहायला किती पडून आहे हे उन्हाळ्यानंतर डोळ्यांना दिसू लागले, आणि त्यामुळे उलट वेळ लागतो आहे. १९२७ साली बाबासाहेब बदलापूरला शिवजयंतीच्या उत्सवाला अध्यक्ष म्हणून आले होते. आसपासच्या खेड्यांतून त्या दिवशी कोण कोण चालत गेले, भाकरी बांधून नेली की उपाशी, कुणी लिहून ठेवलेले नाही. सांगणारे तर आता उरलेही नाहीत. २६ जुलै २००५ ला वालधुनीचे पाणी घरांत शिरले, त्याला वीस वर्षे होऊन गेली. तेव्हा पोटमाळ्यावर रात्र काढलेली पोरे आज बाप झाली आहेत. अंबरनाथला विमको नाका हे नाव राहिले, काडेपेटीचा कारखाना राहिला नाही. टेकडीवरच्या वाचनाला येणाऱ्या, शिळे तुकडे वाळवायचे सांगणाऱ्या आजींची थोरली बहीण त्या कारखान्यात पेट्या भरायला होती. हातांना दिवसभर गुलाचा वास कसा यायचा, ते त्या अजून सांगतात. त्या पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, कानाने कमी ऐकू येते, म्हणून जवळ बसून मोठ्याने विचारावे लागते. दुपारी झोपतात. साडेपाचनंतर ओट्यावर असतात.